आतून उघडणारं दार

सुरुवातीलाच माफी मागते. रोहिदास गायकवाड यांच्याबद्दल लिहायचा अधिकार खरं तर त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा, नाहीतर त्यांच्या मुलाचा. मी त्यांची कोणी लागत नाही. माझे वडील त्यांच्याकडे टेंपो दुरुस्तीला नेत, एवढंच नातं. शिवाय मी अजून शिकते आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली आणि माझं लिहिणं आजवर परीक्षेच्या पेपराबाहेर गेलेलं नाही. माणसाबद्दल लिहायचं तर कुठून सुरुवात करायची आणि काय गाळायचं, हे मला नीट कळत नाही. पण काकांच्या आयुष्यातल्या एका प्रकरणाचे कागद मी माझ्या हाताने लिहिले आणि त्यात एक चूकही केली. ते कागद माझ्याइतके दुसऱ्या कुणी वाचलेले नाहीत, म्हणून धीर करते.

काकांना विचारलं तेव्हा त्यांनी लिही म्हटलं. अट एकच घातली. ज्या देशात ते नोकरीला होते त्याचं नाव घालायचं नाही आणि त्या देशाच्या पाठीशी उभ्या असलेल्या मोठ्या देशाचंही नाही. तिकडच्या चौकशी आयोगाचं काम अजून चालू आहे आणि साक्षीदारांनी काही बाहेर सांगू नये असं आयोगाने कळवलेलं आहे. तसंही काका ते नाव कधी घेत नसत. ‘तिकडं’ म्हणत. मीही तिकडंच म्हणेन.

चौक या गावी जुन्या हायवेवर दोन ढाब्यांच्या मधे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. होतं म्हणते, कारण आता तिथे रसवंती आहे आणि काका शेलूला मुलाच्या फ्लॅटवर राहतात. सगळे त्यांना फोरमन म्हणायचे. तिकडे ते मोटार डेपोत फोरमन होते, तेच नाव इकडे चिकटलं. बुटके, रुंद खांद्यांचे, बोलायला सावकाश. हातातलं काम संपेपर्यंत समोरच्याकडे बघत नसत. गिऱ्हाईक तक्रार सांगत असायचं आणि काका गाडीच्या पोटात डोकं घालून ‘हं’ म्हणायचे. त्या एका ‘हं’चे चार अर्थ होते असं माझे वडील सांगतात, पण त्यांना त्यातले दोनच कळायचे.

गॅरेजच्या भिंतीला एक मोठी फळी होती. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला आणि त्या आकारावर ते हत्यार टांगलेलं. प्रत्येकावर कानशीच्या टोकाने ‘रो’ असं कोरलेलं होतं. रोहिदासचं रो. तिकडे दहा देशांची माणसं एका शेडमध्ये काम करायची, इंग्रजी अक्षर कोरलं तर दुसऱ्याचंही तेच निघायचं, म्हणून ‘रो’. ‘रो’वर तिकडे कुणी हक्क सांगणार नव्हतं. फळीवर एक जागा मात्र कायम रिकामी असायची. दहा नंबरच्या रिंग पान्याचा आकार काढलेला होता, पण पाना नव्हता. दहाचा पाना काकांकडे नव्हता असं नाही. तो खणात पडलेला असायचा आणि कामाला तोच घेत. पण फळीवर तो कधी टांगला नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, तो दुसरा हाय.

आणि एक सवय. दुरुस्ती कसलीही असो, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी काका स्वतः आत बसायचे. दार ओढून घ्यायचे आणि मग आतून उघडून बाहेर यायचे. जितकी दारं तितक्या वेळा. चार दारांची गाडी असली की चार वेळा आत, चार वेळा बाहेर. उन्हात घाम पुसत चाललेला हा प्रकार बघायला ढाब्यावरची माणसं चहा घेऊन कट्ट्यावर येऊन बसत. फोरमनकडं गाडी टाकली की पयला पॅसेंजर फोरमनच, असं म्हणून हसत. एकदा माझ्या वडिलांना उशीर होत होता. ते म्हणाले, काम तर क्लचचं होतं, दाराचं काय बघताय. काका आतूनच म्हणाले, “मग? दार गाडीला नाय काय?”

या सवयीपायी त्यांचं एक नेहमीचं गिऱ्हाईक गेलं. शिळफाट्याचा एक माणूस शाळेची मुलं नेणारी व्हॅन चालवायचा. बाजूला सरकतं दार असलेली. ब्रेकचं काम झालं, काका नेहमीसारखे मागे बसले, दार सरकवलं आणि आतली मूठच सापडेना. त्या माणसाने ती स्वतः काढून टाकली होती. पोरं चालत्या गाडीत दार उघडतात, एखादं पडलं तर मी काय करू, असं तो म्हणत होता. काका खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरच्या मुठीने दार उघडून उतरले आणि मूठ बसवल्याशिवाय गाडी सोडायची नाही म्हणाले. शब्दाने शब्द वाढला. काका म्हणाले, “पोरांना शिकव की. दाराला कशाला शिकवतोस?” तो माणूस गाडी घेऊन गेला आणि जाताना बरंच काही बोलून गेला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, लहान मुलांच्या गाडीत दार आतून उघडू नये अशी कडी असतेच. हे काकांनाही माहीत होतं. चार दिवसांनी ते माझ्या वडिलांना म्हणाले की तो बरोबर होता, पन मला जमत नाय.

मी हे सगळं लहानपणापासून बघत होते, पण त्यामागे काही असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक गावात एखादा माणूस असा असतोच.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पेपर होता. मोठे देश छोट्या देशांतल्या हुकूमशहांना का पोसतात, असा एक भाग होता. मॅडमनी प्रकल्प दिला. पुस्तकातून उतरवून आणायचं नाही, परदेशात राहिलेला एखादा माणूस आपापल्या भागात शोधायचा आणि तिथलं सरकार त्याला कसं दिसलं ते विचारून लिहायचं. वर्गात कुणाचा मामा आखातात होता, कुणाचा भाऊ जहाजावर. माझ्या माहितीत फोरमनकाकाच होते. मी चौकला उतरून वही घेऊन गेले. ते ट्रकखाली होते. मी पाटावर बसून प्रकल्पाचं नाव वाचून दाखवलं. पान्याचा आवाज थांबला. मग खालून म्हणाले, “तुज्या मॅडमला मुकादम म्हायती हाय का?”

आमच्याकडे दिवाळीनंतर वाड्यांवरची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. त्यांना नेणारा आणि भट्टीवर राबवणारा मुकादम. काकांनी त्या दुपारी मला जे सांगितलं ते असं. भट्टीचा मालक भट्टीवर राहत नाही. मुकादम बहुतेक वाडीवरचाच असतो, बोली तीच, नात्यातलाही असतो. त्याला मोटरसायकल मालक देतो, मोबाईल मालक देतो. हात उगारतो तो मुकादम. फार बोभाटा झालाच तर मालक म्हणतो, मला हे ठाऊकच नव्हतं. पुढच्या वर्षी मुकादम बदलतो आणि भट्टी तीच राहते. तिकडचं सरकार चालवणारा जनरल हा मुकादम होता, असं काका म्हणाले.

मी वर्गात ‘मुकादम सरकार’ असा शब्द वापरला तेव्हा मुलं हसली. माझ्या बाकावर वाडीवरची एक मुलगी बसायची, ती तेवढी हसली नाही. मॅडमनी तो शब्द फळ्यावर लिहिला, पण एक शंकाही काढली. मुकादमाला मालक बदलता येतो, मग तो मालकालाही धाक घालू शकतो, ते यात येतं का? मी हे काकांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि मॅडम हुशार हायत म्हणाले. तिकडचा जनरल तेच करायचा. मोठ्या देशाने जरा हात आखडता घेतला की पलीकडच्या दुसऱ्या मोठ्या देशाच्या राजदूताला जेवायला बोलवायचा. आठवड्याभरात नव्या गाड्या यायच्या.

गाड्यांवरून त्यांना सगळं जग कळायचं. गॅरेजमध्ये रोज पेपर येई. त्यात अमक्या देशाने तमक्या देशाला मदत दिली अशी बातमी असली की ते पेन्सिलने ‘मदत’ शब्दाखाली रेघ मारत. मी आले की ती बातमी पुढे करून विचारत, काय दिलं ते लिवलंय का? बहुतेक वेळा लिहिलेलं नसायचं, नुसती मदत असायची. गाड्या दिल्या असं लिहिलेलं असलं तर त्यांचा प्रश्न ठरलेला होता, दार कसलं हाय?

योसेफचं नाव त्यांनी प्रकल्प देऊन झाल्यावर घेतलं. मला गुण मिळाले होते, पेढे घेऊन गेले होते. काकांनी अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा कागदावर ठेवून म्हणाले, तू लिवलंस ते बरोबर हाय, पन मी तुला अर्धंच सांगितलं.

योसेफ डेपोतल्या स्टोअरचा कारकून. तिथलाच माणूस, काकांच्या वयाचा, घरी बायको आणि एक लहान मुलगी. काकांना इंग्रजी वाचायला त्यानेच शिकवलं, स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून. काकांनी त्याला मराठी शिकवलं ते दोन शब्दांचं. पाना मागायला गेलं की तो शोधायच्या आधीच म्हणायचा, “पाना नाय, चीफ.” मग खिशातून काढून द्यायचा. सगळ्या डेपोत हा विनोद चालायचा. इथिओपियाचा असो की फिलिपिन्सचा, मेकॅनिक एकमेकांना ‘पाना नाय’ म्हणत.

मोठ्या देशाने तिकडे बाळंतिणींसाठी व्हॅन पाठवल्या होत्या. आत स्ट्रेचर, बाजूला सरकतं दार, दारावर मोठा चौकोनी स्टिकर, त्या देशाच्या जनतेकडून सप्रेम भेट. डेपोत त्या तयार करून दवाखान्यांना द्यायच्या होत्या. काही दिल्यादेखील. मग त्यातल्या काही शिपाई परत घेऊन आले. स्ट्रेचर काढा, बाकडी बसवा, स्टिकर काढा आणि दार आतून उघडणार नाही असं करा. हे काम फोरमनकडे आलं. काकांनी ते केलं. स्टिकर रॉकेल लावून काढले. बाकीचा रंग उन्हाने फिका झाला होता आणि स्टिकरखालचा ताजा राहिला होता, त्यामुळे स्टिकर गेला तरी त्याचा चौकोन दिसतच राहिला. कैद्यांची गाडी असेल, असं काका समजले. कैद्याच्या गाडीचं दार आतून उघडत नाही, त्यात गैर काही नाही. पहिल्या दोन गाड्या होईपर्यंत तरी ते असंच समजत होते. मग त्या गाड्यांतून नेलेली माणसं परत येत नाहीत, हे डेपोत कळू लागलं.

योसेफची समजूत वेगळी होती. देणाऱ्यांना हे माहीत नाही, असं त्याला ठामपणे वाटायचं. त्यांनी दिल्या दवाखान्याला, गेल्या पोलिसांना, तर त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मोठ्या देशाचे साहेब डेपो बघायला आले, बँड वाजला, जेवण झालं. जेवणानंतर योसेफने एका साहेबाला बाजूला गाठून एक कागद दिला. कुठल्या नंबरची व्हॅन कुणाकडे गेली ते त्यावर होतं. साहेबाने शांतपणे ऐकलं. कागद घडी करून खिशात ठेवला. त्याचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. योसेफ चार दिवस खुशीत होता. काकांना सांगत होता, नावाचं स्पेलिंगसुद्धा विचारलं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी काकांचा दहाचा पाना सापडेना. योसेफ म्हणाला, पाना नाय, चीफ. काकांनी खिसा दाखव म्हटलं तर हसला आणि दाखवला नाही. काम अडलं होतं. काका चिडले, त्याला नको ते बोलले. दुपारी ते ट्रकखाली असताना एक व्हॅन आत आली. त्यांना फक्त पाय दिसले. दोन्ही बाजूंना बूट आणि मधे योसेफच्या चपला. मग दार सरकल्याचा आवाज आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आठवड्यापूर्वी त्या दाराच्या पट्टीला त्यांनीच ग्रीस लावलं होतं.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, मग तुम्ही काय केलंत? काकांनी लपवलं नाही. ट्रकखालून बाहेर आले तेव्हा गाडी गेली होती. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी तिथेच नोकरी केली. त्या काळात पेपरात जनरलचा मोठ्या देशातल्या मोठ्या माणसांबरोबर फोटो येई आणि खाली विश्वासू मित्र असं लिहिलेलं असे. काका परत आल्यावर कितीतरी वर्षांनी जनरल पलीकडच्या देशाच्या जास्तच जवळ गेला, तेव्हा मोठ्या देशाच्या पेपरांतून त्या व्हॅनच्या बातम्या येऊ लागल्या. काकांनी त्या चौकला बसून वाचल्या. त्याबद्दल मला एवढंच म्हणाले, “आता कळलं व्हय त्यांना.”

जनरलची सत्ता गेल्यावर तिकडे आयोग नेमला गेला. त्याची सूचना मलाच फोनवर दिसली. त्या काळात डेपोत, तुरुंगात, दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही निवेदन पाठवता येणार होतं. मी काकांना दाखवली. त्यांनी फोन परत दिला आणि अकरा दिवस त्या विषयावर काही बोलले नाहीत.

सुमनकाकूंचा विरोध होता आणि तो उघड होता. त्या गॅरेजमध्ये डबा घेऊन आल्या की मला ऐकू जाईल असं बोलत. मुलाच्या नोकरीचं काय, पासपोर्टचं काय. आणि त्यांचा खरा मुद्दा पुढे होता. “दार तुमी केलं म्हनून लिवून देनार. कैद्याची गाडी केलीत, आता सोताच बसायचं हाय का तिच्यात?” काका जेवत राहिले. बाराव्या दिवशी काकूच मला म्हणाल्या, लिव गं, पन आमच्या पोराचं नाव कुटं येऊ देऊ नको. त्यांचं मन कशाने बदललं ते मला माहीत नाही. काकांना पुसलं तर ‘हं’ म्हणाले.

निवेदन आम्ही दोन दुपारी लिहिलं. काका मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे. मेकॅनिक सांगतो तसं सांगत होते. दाराच्या आत लोखंडी पट्टी बसवली. पट्टीला चार बोल्ट. बोल्टांना दहा नंबरचे नट. नट स्टोअरमधून काढून योसेफनेच दिले. त्याला नेलं त्या सकाळी दहाचा पाना सापडत नव्हता. मग थांबले आणि म्हणाले, नट मी भायेरच्या अंगाला घेतले, आतून पाना लागू नये म्हनून. मी तेही लिहिलं. त्यांनी मला ते ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाले, “हे नटांचं काढ. ते कुनाला काय कळनार.” मलाही ते बारीकसारीक वाटलं होतं. परीक्षेत खोडतात तशी मी त्यावर एकच आडवी रेघ मारली आणि पुढे गेले.

माझी चूक दुसरीकडे होती. काकांनी सांगितलं होतं, योसेफला नेलं त्याच्या आठवडाभर आधी सकाळी ती गाडी मी सोडली. चौकच्या गॅरेजांत गाडी सोडणं म्हणजे काम करून, तपासून गिऱ्हाइकाला देणं. मी रोज ऐकत आलेला शब्द. पण इंग्रजीत लिहिताना मी सोडणं म्हणजे गाडीतून उतरून जाणं असंच लिहिलं. महिन्याने आयोगाचं उत्तर आलं. त्यांनी विचारलं होतं, आपण सकाळी व्हॅन सोडलीत असं म्हणता, तर आपण त्या व्हॅनमध्ये कधी बसलात आणि आत आपल्याबरोबर कोण होतं?

मला रडू आलं. मी माझी चूक समजावून सांगितली. एका शब्दापायी मी काकांना त्या गाडीत बसवलं होतं. काका पाटावर बसले होते. त्यांनी तो प्रश्न मला दोनदा मराठीत सांगायला लावला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “चूक नाय गं. इचारलं ते बरोबर इचारलं.” मग मी दुरुस्ती लिहिली, काकांनी सही केली आणि आम्ही ती पाठवली. त्यानंतर आठ महिने काही आलं नाही.

मधल्या काळात गॅरेज बंद करायचं ठरलं. वाहतूक सगळी एक्स्प्रेसवेने जाते, जुन्या रस्त्याला उरल्या त्या टेंपो आणि शाळेच्या गाड्या. मुलगा शेलूला या म्हणत होता. काकांच्या गुडघ्यांनी आता ट्रकखाली जाणं होत नव्हतं. त्यांनी फळीवरची हत्यारं एकेक करून खोपोलीच्या, कर्जतच्या पोरांना दिली. देताना त्यावरचा ‘रो’ खोडायचा का असं पोरं विचारत. काका म्हणत, राहू दे, नायतर हरवंल. फळीवर सगळेच आकार रिकामे झाले, त्यामुळे दहाची रिकामी जागा आता वेगळी दिसेना.

शेवटच्या आठवड्यात शिळफाट्याचा तो व्हॅनवाला आला. दोन वर्षांनी. गाडीला मूठ बसवलेली होती. त्याने ते काही बोलून दाखवलं नाही, काकांनीही विचारलं नाही. फक्त म्हणाला, फोरमन, क्लच बघा, तुमच्याच हातचा होता. काकांनी दोन दिवस घेऊन केला. ती त्यांची शेवटची गाडी.

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी कर्जतच्या स्टँडवर उभी होते, तेव्हा आयोगाचा मेल आला. एसटीत बसून मी तो चार वेळा वाचला. चौकला उतरून गॅरेजमध्ये गेले तर काका दिसेनात. व्हॅनवाला पैसे द्यायला ढाब्यावर सुट्टे आणायला गेला होता. व्हॅन सावलीत उभी होती, सरकतं दार बंद. मला कळलं. काका आत मुलांच्या बाकड्यावर बसले होते, अजून दार उघडायचं होतं. मी काचेवर टकटक केली आणि तिकडून मेल आलाय म्हणून सांगितलं. वाटलं, दार उघडतील. ते म्हणाले, “वाच तितूनच.”

मी बाहेर उभी राहून वाचलं, वाक्य वाक्य मराठी करत. या वेळी प्रत्येक शब्द दोनदा तपासला. तिथल्या शिपायांच्या बराकीमागच्या जमिनीत काही माणसांचे अवशेष मिळाले आहेत. बहुतेकांची ओळख पटलेली नाही. एकाच्या कपड्यांत एक छोटं हत्यार होतं. त्यावर दोन-तीन रेघांची खूण आहे. ती ओरखडा असावी असं आधी वाटलं, पण आपल्या निवेदनात डेपोतल्या हत्यारांचा उल्लेख असल्याने फोटो जोडत आहोत. ही खूण आपल्या ओळखीची आहे का? असल्यास ती कुठल्या लिपीतली आणि तिचा अर्थ काय?

आतून काकांनी विचारलं, “किती नंबरचा हाय?”

फोटोत पान्याशेजारी पट्टी ठेवलेली होती. गंजातून आकडाही दिसत होता. मी म्हटलं, दहा.

हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. व्हॅनवाला सुट्टे घेऊन आला आणि माझ्याकडे बघून लांबच थांबला. मी दाराची मूठ बाहेरून धरली होती, पण ओढली नाही. ते दार काकांनीच उघडायचं, एवढं मला कळत होतं. मूठ माझ्या हाताखाली फिरली आणि दार सरकलं.

काका उतरले नाहीत. बाकड्यावर बसूनच त्यांनी फोन घेतला, लांब धरला, मग जवळ धरला. ‘रो’वरून अंगठा फिरवला, तर फोटो मोठा झाला.

“माजा हाय म्हनून लिव,” ते म्हणाले. “आन् ते नटांचं तू खोडलं व्हतंस ना, ते परत घाल. नट त्यानं दिले. लावले तवा तो नव्हता. कुटल्या अंगाला लावले ते त्याला ठावं नव्हतं.”